हॅचबॅकमधला दणका सेडानमध्ये कुठे गेला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आधी छोटी हॅचबॅक होती. तिच्यातलं हेड युनिट (डॅशबोर्डवरचा स्टिरिओ), पुढच्या दारांतले साडेसहा इंची स्पीकर, चार चॅनलचा अँप (स्पीकरना ताकद देणारा अँप्लिफायर) आणि बंद डब्यातला १२ इंची सब (फक्त बेस वाजवणारा मोठा स्पीकर), सगळं जसंच्या तसं काढून नव्या सेडानमध्ये बसवलं. हॅचबॅकमध्ये व्हॉल्यूम १८ वर ठेवला तरी छातीत धडधडायचं. आता २८ वर नेला तरी बेस शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटतो आणि हायवेला लागलं की तोही गायब. मग दुप्पट वॉटचा अँप घ्यावा का? आणि हेच सगळं भावाच्या सात सीटर एसयूव्हीत टाकलं तर कसं वाजेल?

अँप घेऊ नका. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही सबचा डबा बदलला नाही हे खरं, पण तो डबा ज्या मोठ्या डब्यात ठेवलाय तो बदललात. गाडीची केबिन हा स्टिरिओचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा पार्ट आहे, आणि कुठल्याच दुकानात तो वेगळा विकत मिळत नाही. वर्षानुवर्षं गाड्यांमध्ये वाकून वायरी ओढताना माझं एक मत पक्कं झालंय. आवाज कमी पडतोय म्हणून येणाऱ्या बहुतेकांना वॉट कमी पडत नसतात. आवाज वाटेत कुठेतरी अडकलेला, निसटलेला किंवा झाकलेला असतो.

आधी वॉटचा हिशोब मिटवू. अँप दुप्पट वॉटचा केला की आवाज ३ डेसिबलने वाढतो, तोही स्पीकरने ती ताकद पेलली तर. ३ डेसिबल म्हणजे ‘हां, थोडा वाढला बहुतेक’ एवढाच फरक. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. खालच्या सुरांत मात्र कान वेगळा वागतो. तिथे पाच-सहा डेसिबलचा फरकही खूप मोठा वाटतो. म्हणून गाडी बदलल्यावर बेसमधले सहा-आठ डेसिबल गेले तर माणसाला ‘सबच जळला की काय’ असं वाटतं. सब जळलेला नसतो.

आता ते डेसिबल जातात कुठे ते बघू. उघड्या मैदानात सब वाजवला तर तो हवा ढकलतो आणि हवा चारी दिशांना पळते. बंद गाडीत तिला पळायला जागा नसते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा ढकलला की आत जे होतं, तेच केबिनमध्ये होतं. पण हे सगळ्या सुरांना लागू नाही. आवाजाच्या लाटेची अर्धी लांबी केबिनच्या सगळ्यात लांब बाजूपेक्षा मोठी झाली की लाट नीट उलगडतच नाही, आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सुटते. केबिन अडीच मीटर लांब असेल तर ही सीमा ६९ हर्ट्झच्या (सेकंदाला ६९ लाटा; आकडा जितका लहान, सूर तितका खालचा) आसपास येते, साडेतीन मीटरच्या व्हॅनमध्ये ४९ च्या आसपास. त्या सीमेच्या खाली जसजसं जावं तसतशी गाडी स्वतःहून बेस वाढवते. कागदावर दर सप्तकाला, म्हणजे ६० वरून ३० हर्ट्झवर आलं की, १२ डेसिबल. प्रत्यक्षात पत्रा लवतो, फटींतून हवा निसटते, त्यामुळे पूर्ण १२ कधी मिळत नाहीत. तरी जे मिळतं ते फुकटचं असतं. बंद डब्यातला सब खाली जाताना साधारण त्याच चढाने उतरत जातो, त्यामुळे दोघांची बेरीज बऱ्यापैकी सपाट होते. घरात मरतुकडा वाटणारा छोटा बंद डबा गाडीत दणका देतो, त्याचं कारण हे.

एक हिशोब मांडूनच दाखवतो. १२ इंची सबच्या कोनचं, म्हणजे मागेपुढे हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याचं, कामाचं क्षेत्रफळ साधारण ४८० चौरस सेंटिमीटर. तो १ सेंटिमीटर पुढे सरकला की जवळपास अर्धा लिटर हवा ढकलतो. छोट्या हॅचबॅकमध्ये डिकी धरून ३,००० लिटर हवा आहे असं समजू. गाडी पूर्ण बंद आणि पत्रा दगडासारखा ताठ असं मानलं, तर कोनच्या एवढ्या मागेपुढे होण्याने आत सुमारे ११८ डेसिबलचा दाब तयार होतो. तोच सब, तेवढाच हलून, ६,००० लिटरच्या मोठ्या व्हॅनमध्ये ११२ देईल. हवा दुप्पट, दाब निम्मा, ६ डेसिबल गेले. ते वॉटने भरून काढायचे तर चौपट वॉट हवेत, आणि कोनला १ ऐवजी २ सेंटिमीटर जावं लागेल. बरेचसे सब तेवढे जातच नाहीत, त्याआधीच ठकठक करून आपटायला लागतात. म्हणून मोठ्या गाडीत मी आधी दुसरा सब सुचवतो, मोठा अँप नंतर.

पण तुमची सेडान व्हॅनएवढी मोठी नाही, मग तिच्यात एवढं कसं गेलं? कारण सेडानमध्ये डिकी आणि केबिन या दोन वेगळ्या खोल्या असतात. हॅचबॅकमध्ये मधे फक्त एक हलकी फळी असते, सब जणू तुमच्याच खोलीत वाजत होता. आता तो बंद दाराआड वाजतोय. ते दार किती जाड आहे हे गाडीगणिक बदलतं. काही सेडानच्या मागच्या सीटमागे नुसता फोम आणि कापड असतं, बेस त्यातून सहज पार होतो. काहींमध्ये पूर्ण पत्र्याची भिंत असते आणि काही हायब्रिड गाड्यांत तर तिथे बॅटरीच ठेवलेली असते.

तुमच्या गाडीत काय आहे ते कळायला पाच मिनिटं लागतात. एकच बेसदार गाणं लावा, व्हॉल्यूमला हात लावू नका, चालकाच्या सीटवर बसून ऐका. मग मागची सीट पूर्ण पाडून तेच कडवं पुन्हा ऐका. फरक प्रचंड वाटला तर अडचण भिंतीची आहे आणि जगातला कुठलाही अँप ती नीट सोडवणार नाही. सीट पडतच नसेल तर आर्मरेस्टमागची खिडकी उघडून बघा. तेवढ्या वीतभर भोकातूनही कितीतरी बेस पुढे येतो.

यानंतर सबची जागा. तुम्ही डबा सीटला टेकवून, तोंड पुढे करून ठेवला असणार असा माझा अंदाज आहे, कारण ‘आवाज माझ्याकडे यायला हवा’ असं प्रत्येकाला वाटतं. आता बघा काय होतं. सबपासून डिकीची मागची भिंत १ मीटरवर असली तर तिच्यावर आपटून परत येणारी लाट एकूण २ मीटर जास्त चालून येते. ८६ हर्ट्झच्या आसपास ते अंतर बरोबर अर्ध्या लाटेएवढं भरतं, म्हणजे परत आलेली लाट उलटी पडते आणि सरळ गेलेल्या लाटेला खाऊन टाकते. बेसचा ठोसा जिथे असतो नेमकी तीच जागा पोकळ होते. डबा मागे सरकवून तोंड गाडीच्या शेपटीकडे केलं आणि मधे ३० सेंटिमीटर ठेवले, तर हा घोळ २८६ हर्ट्झच्या आसपास जातो, आणि तिथे सब वाजतच नसतो. एवढ्या सरकवण्याने लोकांचे चेहरे बदललेले मी पाहिलेत. त्यासाठी मी फार पैसेही घेत नाही, लाज वाटते.

लगेच सबच्या दोन वायरी उलटसुलट करून बघा. प्लसला मायनस, मायनसला प्लस. यात काही जळत नाही, फक्त अँप बंद करून करा. ६० ते ८० हर्ट्झमधला एखादा सूर वाजवून, सगळी दारं बंद ठेवून, चालकाच्या जागेवर जी बाजू जास्त भरीव वाटेल ती ठेवा. गाडी बदलली की सब आणि दारातल्या स्पीकरमधलं अंतर बदलतं, त्यामुळे हॅचबॅकमध्ये बरोबर असलेली जोडणी सेडानमध्ये दोघांना एकमेकांविरुद्ध लढवू शकते.

डिकीपाशी उभं राहिल्यावर बेस दणकट वाटतो आणि आत बसल्यावर नाही, यात आश्चर्य नाही. ती ताकद डिकीचं झाकण, नंबरप्लेट आणि मागच्या काचेखालची फळी हलवण्यात खर्च होते. बाहेरून ऐकू येणारी ती खडखड म्हणजे तुमच्याच वॉटची उधळपट्टी. फळीच्या पत्र्याला डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारा जड, चिकट थर), नंबरप्लेटमागे फोमची पट्टी, एवढ्यावर बरंच भागतं.

आता दारं. सबबद्दल सगळे बोलतात, पण ‘आवाज मोठा आहे’ ही भावना बरीचशी ८० ते २०० हर्ट्झमध्ये असते. ढोलाची थाप, बेस गिटारचं बोट, पुरुषी आवाजाचा खर्ज, सगळं तिथेच, आणि ते काम दारातल्या स्पीकरचं. घरातला स्पीकर बंद लाकडी पेटीत असतो. गाडीचं दार म्हणजे पातळ पत्र्याचं, भोकाभोकांचं, पावसाचं पाणी आत-बाहेर करणारं पोकळ खोकं. स्पीकरच्या मागच्या बाजूने निघणारी लाट पुढच्या लाटेच्या उलट असते. ती आतल्या पत्र्याच्या भोकांतून ट्रिमच्या, म्हणजे दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, मागे आली की पुढच्या लाटेला गिळते. कंपनीने त्या भोकांवर प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. तो पाणी अडवतो, आवाज नाही.

दाराची परीक्षा बोटाने होते. बाहेरच्या पत्र्यावर मधोमध टिचकी मारा. ‘टण्ण’ असा आवाज आला तर पत्रा उघडा आहे, ‘ठप्प’ आला तर त्याला काहीतरी लावलेलं आहे. मग गाणं लावून हाताचा तळवा ट्रिमवर ठेवा. प्रत्येक ठेक्याला ट्रिम हाताला गुदगुल्या करत असेल तर स्पीकरची ताकद तिथे जातेय. बाहेरच्या पत्र्यावर आतून थोडी डॅम्पिंग शीट लावायची, पूर्ण झाकायची गरज नाही. आतल्या पत्र्याची मोठी भोकं ताठ काहीतरी लावून बंद करायची आणि स्पीकर डुगडुगत्या प्लास्टिकवर न बसवता घट्ट रिंगवर आवळायचा. अँप तोच ठेवून दारांतून कितीतरी जास्त आवाज निघतो.

एक सांभाळा. दाराच्या तळाशी पाणी निघायला छोटी भोकं असतात, ती बुजवू नका. धंद्यात नवा असताना मी हौसेने एका गाडीचं दार तळापर्यंत सील केलं होतं. पहिल्या जोरदार पावसानंतर गाडी परत आली. दार उघडताना आत बादली हिंदकळल्यासारखा आवाज. सगळं खरवडून काढायला मला पूर्ण दिवस लागला, आणि ते काम अर्थातच फुकट.

सेडानमध्ये दारातल्या स्पीकरची जागा किती खाली आणि किती पायाआड आहे यावरही फरक पडतो. चालकाच्या पोटरीने झाकलेला स्पीकर वरचे सूर पायातच सोडून देतो. ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) वेगळे असतील तर ते आरशाच्या कोपऱ्यात किंवा पुढच्या काचेशेजारच्या खांबावर घ्या.

हायवेचा प्रश्न मात्र वेगळाच आहे. तिथे आवाज कमी होत नाही, झाकला जातो. बहुतेक गाड्यांत हायवेच्या वेगाला केबिनमधला गोंगाट साधारण ६० ते ७० डेसिबल असतो, आणि त्याचा भर खालच्या सुरांवर. म्हणून सगळ्यात आधी बुडतो तो बेस. टायरचा आवाज वेग दुप्पट झाला की साधारण ९ ते १२ डेसिबलने चढतो. ५० च्या वेगाला ५ वॉटमध्ये जे सुखाने ऐकू येत होतं, ते १०० ला तसंच ऐकायला ५० वॉटच्या आसपास लागतात. त्याहून वेग वाढवला की वाऱ्याचा आवाज टायरच्याही पुढे जातो.

इथे गाडीचा प्रकार पुन्हा आडवा येतो. गंमत म्हणजे सेडानची जी भिंत बेस अडवते, तीच मागच्या चाकांचा आवाजही अडवते. हॅचबॅक आणि एसयूव्हीत मागच्या चाकांवरचा भाग केबिनमध्येच उघडा असतो, त्यामुळे गोंगाट जास्त. उंच, चौकोनी गाडीला वारा जास्त आणि जाड नक्षीचे टायर असतील तर ते वेगळेच गुणगुणतात. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नसतं म्हणून सगळं शांत असेल असं लोक धरून चालतात. शहरात ते खरं आहे, पण हायवेला टायर आणि वारा तेवढेच असतात, उलट झाकायला इंजिन नसल्याने ते जास्त जाणवतात. पिकअपच्या छोट्या केबिनला हवा कमी म्हणून दाब पटकन तयार होतो, पण सीटमागे जागा वीतभर, डबा चपटा घ्यावा लागतो. टप उघडणाऱ्या गाडीबद्दल एकच वाक्य पुरे: टप उघडला की पंपाच्या तोंडावरचा अंगठा निघाला, तिथे खरोखरच वॉट आणि कोनचं क्षेत्रफळ दोन्ही लागतात.

हायवेसाठी तुम्ही करण्यासारखं म्हणजे टायरची हवा आणि झीज बघणं, दारांचं रबर बीडिंग फाटलंय का ते तपासणं आणि हेड युनिटमध्ये वेगाप्रमाणे व्हॉल्यूम वाढवायची सोय असेल तर ती मध्यम ठेवणं. डिकीच्या तळाला आणि मागच्या चाकांच्या कमानींना शीट लावली तर दोन्ही कामं होतात, गोंगाट कमी आणि खडखडही कमी.

काचा, सीट, माणसं यांचा परिणाम वरच्या सुरांवर होतो, बेसवर जवळजवळ नाही. कापडी सीट वरचे सूर पितात, लेदर आणि काच ते परतवतात. गाडीत पाच जण बसले की आवाज बोथट होतो तो त्यांच्या कपड्यांमुळे. ट्रेबल एक-दोन घरं वाढवा, संपलं.

आता तुमचे ते १८ आणि २८. हेड युनिट तेच असलं तरी अँपचा गेन काढता-बसवताना हलला असेल तर हे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हेड युनिटकडून येणारा सिग्नल अँपशी जुळवून घ्यायची अँपवरची कळ. हेड युनिटचा आवाज जिथे फाटायला लागतो त्याच्या थोडं खाली ठेवा आणि अँपचा गेन अगदी खालून हळूहळू वर न्या, स्पीकरचा आवाज फाटू लागला की थोडे मागे या. नव्या गाडीत वायर जास्त लांब गेली असेल तर तिची जाडी आणि अर्थिंगही बघा. रंगावर आवळलेलं अर्थिंग मी आजही दर महिन्याला बघतो. पत्रा चकाकेपर्यंत घासून मगच बोल्ट आवळायचा.

हेड युनिटवर छापलेल्या ‘५० वॉट गुणिले ४’ वरही जाऊ नका. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्ट मिळतात. त्यावर ४ ओहमच्या स्पीकरला युनिटमधला अँप फार तर २६ वॉट देऊ शकतो आणि स्वच्छ म्हणाल तर २० च्या आसपास. दारातले स्पीकर तुम्ही अँपवर चालवताय, त्यामुळे ही अडचण तुमची नाही. पण भावाच्या गाडीत नुसतं युनिट असेल तर तिथे लक्षात ठेवा.

फरक मोजायचा असेल तर फोनवरचं ॲप चालेल, फक्त त्यात ‘सी’ वेटिंग निवडा (वेटिंग म्हणजे कुठल्या सुराला मापात किती वजन द्यायचं ती सेटिंग). ‘ए’ वेटिंग ५० हर्ट्झचा सूर सुमारे ३० डेसिबलने कमी दाखवतं, म्हणजे तुमचा सगळा सब मापातूनच गायब. फोन प्रत्येक वेळी हेडरेस्टशी त्याच जागी धरा, गाणं तेच, काचा बंद. फोनचा आकडा खरा असेलच असं नाही, पण आधी आणि नंतरमधला फरक बऱ्यापैकी खरा असतो.

मोजताय तर कानाचंही बघा. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची कामगारांसाठीची मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला हा हिशोब १५ मिनिटांवर येतो. हे आकडे मात्र ‘ए’ वेटिंगचे आहेत, म्हणून यासाठी ॲप पुन्हा ‘ए’ वर आणा.

राहिली भावाची एसयूव्ही. सात सीटर केबिनमध्ये हवा तुमच्या जुन्या हॅचबॅकच्या दीडपट धरली तर खालच्या बेसमध्ये साडेतीन डेसिबल कमी मिळतील, पण मधे भिंत नाही. त्यामुळे तोच सब तुमच्या सेडानपेक्षा तिथे जास्त वाजेल आणि हॅचबॅकपेक्षा थोडा कमी. तिसरी रांग उघडलेली असेल तर डबा ठेवायला जागाच उरणार नाही, ते आधी भावाला विचारा. तुमच्या गाडीत मात्र आज संध्याकाळी सीट पाडून ऐका, डबा फिरवून ऐका, वायरी उलटून ऐका, याच क्रमाने. तिन्ही करूनही बेस पुढे येत नसेल तर सीट काढून मागे पत्रा आहे की फोम ते बघा आणि कळवा. पत्रा निघाला तर समोरच्या सीटखाली बसणारा चपटा सब हा वेगळा रस्ता आहे, आणि त्याला तुमचा आत्ताचा अँप पुरतो.